साताऱ्याचा विलायतेतील वकील : रंगो बापूजी

राजकारणात जो बोलतो त्याचे नाव राहते. बोलणाऱ्याच्या हाती जो मजकूर देतो त्याचे नाव बहुधा मागे पडते. आज प्रत्येक पक्षाजवळ भाषणे लिहिणारे, वृत्तपत्रांना मजकूर पुरविणारे आणि लोकमताचा कल पाहून सल्ला देणारे लोक असतात, आणि हा धंदा अगदी अलीकडचा आहे असे आपण समजतो. परंतु पावणेदोनशे वर्षांपूर्वी, मावळातील एका देशपांड्याने लंडन शहरात बसून नेमके हेच काम केले. त्यासाठी त्याने घरदार सोडले, तारुण्याच्या उत्तरार्धातील वर्षे परक्या थंडीत काढली, आणि त्याच्या धन्याची बाजू इंग्रजांच्याच सभांतून इंग्रजांच्याच मुखाने मांडली. त्या गृहस्थाचे नाव रंगो बापूजी गुप्ते. सत्तावन सालच्या इतिहासात त्यांचे नाव आपण सर्वांनी वाचलेले असते. परंतु सत्तावनच्या आधीची त्यांची विलायतेतील कामगिरी, जी त्यांच्या आयुष्याचा गाभा होती, तिची ओळख अजून हवी तेवढी झालेली नाही.

रंगो बापूजी हे रोहिडखोऱ्यातील देशपांडे घराण्यातले. शिवाजीमहाराजांनी मावळात स्वराज्याची पहिली जुळवाजुळव केली तेव्हा त्यांच्या बाजूला उभे राहिलेले दादाजी नरसप्रभू हे त्यांचे पूर्वज. छत्रपतींच्या गादीशी निष्ठा हा त्या घराण्याचा वडिलोपार्जित वसा होता, आणि रंगो बापूजींच्या वाट्याला तो अशा काळात आला की गादी होती, पण तिचे बळ परक्याच्या हाती गेले होते.

१८१८ साली पेशवाई बुडाली. आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने धोरण म्हणून साताऱ्याचे छोटे राज्य निर्माण केले आणि त्यावर महाराजांची स्थापना केली. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. आरंभी कारभार ग्रँट डफच्या देखरेखीखाली चाले. १८२२ साली तो महाराजांच्या स्वाधीन करण्यात आला. प्रतापसिंह हे कष्टाळू राजे होते. ते स्वतः रोजनिशी ठेवीत, कागद स्वतः पाहत, रस्ते व शाळा यांकडे लक्ष देत. महाबळेश्वरची जागा १८२९ साली त्यांनीच मोबदला घेऊन इंग्रजांना दिली. त्यांच्या कारभारावर खूष होऊन कंपनीच्या डायरेक्टरांनी १८३५ च्या अखेरीस त्यांच्यासाठी रत्नजडित तलवार व प्रशंसेचे पत्र धाडण्याचे ठरविले. मुंबई सरकारने ती तलवार महाराजांच्या हाती पडू दिली नाही.

याचे कारण जहागिरींच्या तंट्यात होते. भोरचे पंतसचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले आणि वाईचे शेख मिरा हे साताऱ्याचे मांडलिक. त्यांच्यावर अधिकार कोणाचा, त्यांची जहागीर खालसा झाल्यास ती कोणाकडे जावी, या प्रश्नावर महाराज तहाचे कलम पुढे करीत आणि मुंबई सरकार ते मान्य करीत नसे. विलायतेतील वरिष्ठांचा कौल महाराजांच्या बाजूचा होता. पण तो कौल साताऱ्यास वेळेवर कळविण्यात आला नाही. ज्याचा हक्क विलायतेत मान्य होतो आणि मुंबईत अडतो, त्याने मुंबईला वळसा घालून थेट विलायत गाठावी, हा विचार महाराजांच्या मनात येणे साहजिक होते. मुंबई सरकारला नेमकी हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपली.

पुढे आरोपांची मालिका सुरू झाली. १८३६ साली देशी पलटणीतील अंमलदारांना फितविल्याचा आरोप आला. त्यापाठोपाठ गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधल्याचा आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचा आरोप आला. हे आप्पासाहेब १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरांत शिरले होते आणि या वेळी जोधपुरात आश्रयाला होते. स्वतःचे राज्य, सैन्य, खजिना काहीही न उरलेल्या माणसाच्या मदतीने साताऱ्याचा राजा इंग्रजांना हुसकून लावणार होता, असे मानण्यास सरकार तयार झाले.

चौकशी गुप्तपणे झाली. पुरावा महाराजांना दाखविला गेला नाही, साक्षीदारांची उलटतपासणी झाली नाही. कर्नल ओव्हान्स हा रेसिडेंट आणि बाळाजीपंत नातू हा त्याचा हस्तक, यांच्या जाळ्यात सारा दरबार सापडला. अखेर १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आला. तह मोडल्याची कबुली लिहून द्या, म्हणजे गादी राहील, असा त्याचा प्रस्ताव होता. महाराजांनी सही करण्याचे नाकारले. न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन राज्य राखण्यापेक्षा राज्य गेलेले त्यांनी पत्करले. सप्टेंबरच्या आरंभी एका रात्री त्यांना वाड्यातून नेण्यात आले आणि पुढे काशीला रवाना करण्यात आले. वाटेत बाळासाहेब सेनापती वारले. गादीवर धाकटे भाऊ आप्पासाहेब शहाजी यांना बसविण्यात आले.

महाराजांच्या हाती आता एकच शस्त्र उरले, ते म्हणजे शब्द. ते चालविण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत रंगो बापूजी प्रमुख होते.

मराठी वकील विलायतेस जाण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. राघोबादादांनी १७८० च्या सुमारास हणमंतराव नावाच्या ब्राह्मणाला एका पारशी गृहस्थाबरोबर लंडनला पाठविले होते आणि एडमंड बर्कने त्यांच्या सोवळ्याओवळ्याची सोय लावून दिली होती. दिल्लीच्या बादशहासाठी राजा राममोहन रॉय १८३० साली गेले होते. साताऱ्यातर्फेही रंगो बापूजींच्या आधी मीर अफझल अली हे विलायतेस पोहोचले होते, आणि यशवंतराव शिर्के व भगवंतराव विठ्ठल हेही त्या कामावर होते. इतर परत फिरले. रंगो बापूजी मात्र टिकून राहिले आणि पुढील सारा लढा त्यांच्याच नावाशी जोडला गेला.

लंडनला गेल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न असा होता की दाद कोणाकडे मागावयाची. आपल्याकडे वकील म्हणजे दरबारी जाऊन मुजरा करणारा, खलिता देणारा, नजर करणारा. जुन्या संस्थानी घराण्यांना ही रीत चांगली परिचयाची आहे. विलायतेत असा एक दरबार नव्हता. लेडनहॉल रस्त्यावरच्या इंडिया हाउसमध्ये कंपनीचे चोवीस डायरेक्टर बसत, त्यांच्यावर सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल होते, त्यावर पार्लमेंट. शिवाय कंपनीचे भागीदार होते. ज्याच्या नावावर हजार पौंडांचे भाग असतील त्याला एक मत, अशी त्यांची रीत होती. डायरेक्टर ऐकत नसतील तर भागीदारांची खास सभा मागता येई, आणि त्या सभेत झालेली भाषणे छापून बाहेर पडत. अधिकार डायरेक्टरांकडे, पण बोलण्याची मोकळीक भागीदारांकडे, ही फट रंगो बापूजींच्या बाजूने हेरली आणि तिचा जेवढा उपयोग करता येईल तेवढा केला.

ते स्वतः भागीदार नव्हते, त्यामुळे त्या सभेत त्यांना मत नव्हते. आपली बाजू दुसऱ्यांनी मांडावी, आणि ती अशी मांडावी की ऐकणाऱ्या इंग्रजाला ती आपल्याच न्यायबुद्धीची बाब वाटावी, हेच त्यांचे कार्य होऊन बसले. सुदैवाने माणसे चांगली मिळाली. पार्लमेंटातले जोसेफ ह्यूम हे सरकारी खर्चाच्या पै-पैचा हिशेब मागणारे सभासद. सर चार्ल्स फोर्ब्ज हे मुंबईत व्यापार करून परतलेले व हिंदी लोकांविषयी कळकळ असलेले वृद्ध गृहस्थ. आणि जॉर्ज थॉम्पसन हे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले नामांकित वक्ते. १८३९ साली लंडनमध्ये ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली होती आणि थॉम्पसन तिचे प्रमुख प्रचारक होते. गुलामांच्या बाजूने ज्याची वाणी चालली ती आता साताऱ्याच्या छत्रपतींसाठी चालू लागली. पूर्वीचे रेसिडेंट जनरल लॉडविक, जे पहिल्या चौकशीत स्वतः बसले होते, तेही पुढे महाराजांच्या बाजूने बोलू लागले. विरुद्ध पक्षाचा साक्षीदारच आपल्याकडे वळावा, याहून मोठे यश वकिलास कोणते?

परंतु वक्ता कितीही मोठा असला तरी त्याला साहित्य लागते. रोहिडखोरे कोठे, सचिव कोण, नातू कोण, तहाच्या कलमात मूळ शब्द कोणता, हे थॉम्पसनला किंवा ह्यूमला कोठून माहीत असणार? कागद मोडी व फारसी, साक्षी मराठीत, नावे अशी की इंग्रज जिभेला वळू नयेत. ही सारी सामग्री लावून देणे, काशीहून व साताऱ्याहून आलेल्या मजकुराचे तात्पर्य काढणे, इंग्रजी निवेदने तयार करवून घेणे, ती छापून सभासदांत वाटणे, हे वकिलाचे काम. टपाल सुवेझच्या वाटेने आले तरी दीड-दोन महिने लागत. एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर मिळेपर्यंत ऋतू पालटे. अशा परिस्थितीत जो माणूस डोक्यात सारे दफ्तर घेऊन लंडनमध्ये हजर आहे त्याची किंमत केवढी असेल, हे सांगावयास नको.

त्यांच्या पक्षाची रीत मोठी मार्मिक होती. महाराज थोर आहेत, त्यांच्यावर दया करा, असे मागणे त्यांनी पुढे केले नाही. त्यांनी इंग्रजी कायद्याचा साधा नियम धरला. आरोपीला आरोप सांगितला होता काय? पुरावा दाखविला होता काय? बचावाची संधी दिली होती काय? १८४३ साली साताऱ्याचे कागद पार्लमेंटच्या हुकुमाने छापले गेले आणि सरकारच्याच कागदांतील विसंगती सरकारपुढे मांडता येऊ लागली. कृष्णाजी सदाशिव भिडे याचे प्रकरण त्यातलेच. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावे सरकारकडे एक अर्ज आला होता आणि महाराजांविरुद्धच्या पुराव्यात त्याला मोठे स्थान मिळाले होते. तो अर्ज आपणच लिहिला असे या कृष्णाजीने पुढे सांगितले. आणि ही गोष्ट कळल्यावरही ओव्हान्सने ती दाबून ठेवली, असा महाराजांच्या बाजूचा ठपका होता. हा प्रश्न पुन्हा पुन्हा सभेत निघाला, पार्लमेंटात निघाला. समाधानकारक उत्तर काही मिळाले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे काम पैशावाचून होत नव्हते. छपाई, कायदेपंडितांची फी, राहण्याचा खर्च, प्रवास, सारे महाराजांच्या निर्वाहातून आणि कर्जातून चाले. थॉम्पसन हे राजाचे मोल घेऊन बोलतात, असा आरोप विरुद्ध पक्षाने उघड केला, आणि त्या आरोपाने बाजूची धार काहीशी बोथट झाली. दुसऱ्यासाठी शब्द जुळविणाऱ्या माणसाला हा टोमणा सर्व काळी ऐकावा लागला आहे. पण फी घेणाऱ्या वकिलाचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. मुद्दा खोडता आला नाही म्हणून मांडणाऱ्याच्या खिशाकडे बोट दाखविले गेले, एवढेच म्हणता येईल.

निकाल मात्र कधीच बाजूने लागला नाही. भागीदारांच्या सभेत भाषणे व्हावीत, वृत्तपत्रांनी ती छापावीत, आणि मताच्या वेळी डायरेक्टरांचे पारडे जड व्हावे, असे वर्षानुवर्षे चालले. ह्यूम यांनी पार्लमेंटात प्रश्न मांडला की बाके रिकामी होत. हिंदुस्थानच्या एका लहान राज्याच्या गाऱ्हाण्यात कोणाला गोडी असणार? पुन्हा चौकशी करावी एवढीच मागणी होती, आणि तीच सरकारला परवडणारी नव्हती. चौकशी झाली असती तर एका राजाबरोबर मुंबई सरकारच्या सगळ्या प्रतिष्ठेचा निवाडा झाला असता.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीतच वारले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो धनी गेला. पुढच्याच एप्रिलात साताऱ्यास आप्पासाहेबही वारले. दोघांनीही दत्तक घेतले होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क आणि साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रीअर यांनी दत्तक मान्य करावा असा अभिप्राय दिला. डलहौसीने तो मानला नाही. डायरेक्टरांपैकी टकर आदींनी विरोध नोंदविला, तोही उपयोगी पडला नाही. १८४९ च्या जानेवारीत विलायतेने मंजुरी दिली आणि सातारा खालसा झाले. आता प्रश्न महाराजांच्या निरपराधीपणाचा राहिला नाही. गादीच नाहीशी झाली होती.

दुसरा कोणी असता तर याच वेळी परतला असता. रंगो बापूजी राहिले. मृत धन्याच्या राणीसाठी व दत्तक पुत्रासाठी ते अर्ज करीत राहिले, निवेदने छापीत राहिले. पैसा संपला, कर्ज वाढले. १८५३ साली कंपनीची सनद नव्याने करून घेण्याची वेळ आली. त्याच वर्षी जॉन डिकिन्सन आदींनी इंडिया रिफॉर्म सोसायटी काढली आणि कंपनीच्या कारभाराची चर्चा पुन्हा तापली. तेव्हाही साताऱ्याचे उदाहरण टीकाकारांच्या तोंडी होते. सनदेचा कायदा मात्र झालाच. अखेर त्या वर्षाच्या शेवटी, कंपनीने त्यांचे देणे भागवून परतीचा खर्च दिला, आणि सुमारे तेरा-चौदा वर्षांनी रंगो बापूजी मायदेशी परतले. ज्या कंपनीविरुद्ध उभा जन्म घालविला तिच्याच पैशाने घरी यावे लागले, हे शल्य किती खोल असेल!

ते परतले त्याच सुमारास नागपूरवर तोच घाला आला. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले आणि दुसऱ्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात निघाले. वैनगंगेच्या खोऱ्यातील लांजीपासून बालाघाटच्या पठारापर्यंत भोसल्यांच्या छायेत वसलेली मराठी घराणी एका फटक्यात कंपनीची रयत झाली. पुढे १८६७ साली त्याच मुलखातून बालाघाट जिल्हा निर्माण झाला. नागपूरच्या राण्यांनीही विलायतेला दाद मागून पाहिली. साताऱ्याच्या वकिलाने तेरा वर्षे ज्या दारांवर हात आपटले तीच ही दारे. पण सातारा गेले तेव्हा जो नियम घातला गेला तोच नागपुरास, झाशीस लागू झाला. साताऱ्याचा वाद एका राजाचा वाद आहे असे ज्या संस्थानिकांना वाटले होते, त्यांना तो सर्वांचाच होता हे या वेळी कळले. बालाघाटकडील जुन्या मराठी घरांना रंगो बापूजींची कथा परकी वाटू नये, ती यासाठी.

रंगो बापूजींनी पुढे काय केले हे सर्वांस ठाऊक आहे. अर्जाने जे साधले नाही ते शस्त्राने साधावे, असा निश्चय त्यांनी केला. साताऱ्यात व आसपासच्या मुलखात माणसे जमविण्याचे, शिपायांना वळविण्याचे काम गुप्तपणे सुरू झाले. १८५७ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडे वणवा पेटला. साताऱ्यातला कट मात्र पेटण्याआधीच उघडकीस आला. धरपकड झाली. छत्रपतींच्या राण्यांना साताऱ्याबाहेर नेण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा देण्यात आली. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी, आणि सहा जणांना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. सरकारने रंगो बापूजींना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. ते कधीच सापडले नाहीत. कोठे गेले, कोणत्या वेशात राहिले, कोठे देह ठेवला, याचा पत्ता इंग्रजांना लागला नाही.

एखाद्या कादंबरीकाराला हा शेवट आवडेल, आणि म्हणूनच बहुतेकांच्या स्मरणात तेवढाच राहिला आहे. प्रबोधनकार ठाकरे यांनी १८४८ नंतर शंभर वर्षांनी, १९४८ साली, प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी यांच्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा विलायतेतील लढ्याची हकीकत मराठी वाचकांपुढे सविस्तर आली. ती वाचल्यावर सत्तावनचा रंगो बापूजी अधिक नीट समजतो. तो उतावळा बंडखोर नव्हता. अर्ज, पुरावा, सभा, छापखाना, पार्लमेंट हे सारे मार्ग त्याने एकामागून एक चाखून पाहिले होते. आपल्या देशातील फार थोड्या माणसांनी त्या वेळी इंग्रजांच्या न्यायावर इतका दीर्घ विश्वास ठेवला असेल, आणि त्या विश्वासाची इतकी मोठी किंमत फारच थोड्यांनी दिली असेल.

मग ती वर्षे फुकट गेली काय? राज्य परत मिळाले नाही, हे खरे. पण कंपनीच्या कारभाराला तिच्याच राजधानीत जाब विचारता येतो, सरकारी कागद छापवून घेता येतात, इंग्रज माणसांचा एक गट हिंदी प्रश्नासाठी उभा करता येतो, हा धडा साताऱ्याच्या लढ्याने घालून दिला. पुढे दादाभाई नौरोजींनी विलायतेत जे काम चालविले ते याच जातीचे. फरक एवढाच की दादाभाई एका राजाऐवजी सगळ्या देशाची वकिली करीत होते आणि पार्लमेंटात स्वतःच्या मुखाने बोलू शकत होते. रंगो बापूजींना ते भाग्य लाभले नाही. इंडिया हाउसच्या त्या दिवाणखान्यात टाळ्या पडल्या त्या थॉम्पसनला पडल्या; वृत्तांतात नाव छापले गेले ते ह्यूमचे. ज्या हातांनी कागद जुळवून दिले ते हात बाजूला राहिले. पण ज्यांची वाचा हिरावून घेतली गेली होती अशा राजाची वाचा त्यांनी तेरा वर्षे जिवंत ठेवली. वकिलाकडून धन्याने मागावे असे याहून अधिक काय असते?